गृहशोभनातील उठावरंग

गृहशोभनातील उठावरंग : खोलीच्या सर्वसाधारण रंगयोजनेत अल्प प्रमाणात योजिलेला, परंतु भोवतालच्या रंगांहून स्पष्टपणे निराळा दिसणारा रंग. भिंती, छत व जमीन ही खोलीतील सर्वांत विस्तृत पृष्ठे असल्यामुळे त्यांचा रंग हा पार्श्वरंग ठरतो. पडदे, सतरंजी, पलंग, कपाट यांसारख्या मोठ्या वस्तूंचा रंग त्याला साथ देतो. उशांचे अभ्रे, दिव्याची छत्री, फुलदाणी, दाराची चौकट, कोनाड्याची आतील बाजू किंवा क्वचित एखादी संपूर्ण भिंत अशा मोजक्या जागी उठावरंग येतो. दृष्टीला थांबण्यासाठी एक जागा देणे आणि पार्श्वरंगाचे स्वरूप अधिक स्पष्ट करणे, ही त्याची प्रमुख कार्ये होत. सर्वच वस्तू फिक्या असल्यास खोली निस्तेज भासते. सर्वच भडक असल्यास दृष्टी कोठेही स्थिरावत नाही. उठावरंगाचा परिणाम त्या रंगाच्या स्वतःच्या गुणांपेक्षा त्याच्या विरळपणावर आणि भोवतालाशी असलेल्या त्याच्या संबंधावर अधिक अवलंबून असतो, हे या विषयातील मूलभूत तत्त्व आहे. उठावरंगाचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही. वृद्धांची घरातील सुरक्षितता आणि लहान मुलांचे आरोग्य यांच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

दृष्टिविषयक आधार : शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, या घटनेचा पद्धतशीर अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूजेन शेव्हरल (१७८६–१८८९) यांनी केला. पॅरिस येथील गॉब्लँ या प्रसिद्ध चित्रजवनिकांच्या कारखान्यात ते रंगाई विभागाचे संचालक होते. तेथील काळा धागा निळ्या व जांभळ्या रंगांच्या सावल्यांत फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणीत काळ्या रंगात काहीच दोष आढळला नाही. दोष त्याच्या शेजारच्या रंगांमुळे उत्पन्न होत होता. या निरीक्षणातून त्यांनी एककालिक विरोधाचा नियम मांडला व १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भिंतीवरील कागद, खुर्च्यांवरील कापड आणि खोल्यांची सजावट यांनाही त्यांनी तो नियम लावून दाखविला आहे. या नियमानुसार प्रत्येक रंग आपल्या शेजारच्या रंगाला स्वतःच्या पूरक रंगाकडे ढकलतो. उदा., लाल पृष्ठावरील करडा तुकडा किंचित हिरवट भासतो. म्हणूनच दुकानात आकर्षक वाटलेला पडदा घरी नेल्यावर निराळा दिसतो. पडद्याचा रंग तोच असतो, परंतु त्याच्या मागची भिंत बदललेली असते.

अमेरिकन चित्रकार व कलाशिक्षक ॲल्बर्ट मन्सेल (१८५८–१९१८) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रंगांचे वर्गीकरण तीन गुणांच्या आधारे केले : रंगछटा (लाल, पिवळा, निळा इ.), उजळपणा आणि तीव्रता. उठावरंग पार्श्वरंगाहून यांपैकी कोणत्याही एका गुणाने निराळा असला तरी पुरते. मातकट हिरव्या भिंतीपुढील तांबडा अभ्रा छटेमुळे उठून दिसतो, गडद लाकडावरील पांढरी चिनी मातीची बशी उजळपणामुळे, तर विटकरी भिंतीवरील शेंदरी चौकट तीव्रतेमुळे. तेव्हा उठावरंग म्हणजे भडक रंग, ही समजूत बरोबर नाही. रंगचक्रात समोरासमोर येणारे पूरक रंग, उदा., निळा व नारिंगी, परस्परांना सर्वाधिक उठाव देतात. परंतु दोन्ही सारख्याच तीव्रतेने व सारख्याच विस्ताराने आले, तर त्यांच्या सीमारेषा डोळ्यांना त्रासदायक होतात. अशा वेळी विस्तृत रंग करड्याकडे झुकणारा आणि अल्प रंग शुद्ध ठेवतात. रंगचक्रात शेजारी येणारे रंग, उदा., पिवळा व हिरवा, घेतल्यास उठाव सौम्य राहतो आणि निजण्याच्या खोलीला तो अधिक मानवतो.

प्रमाण व स्थान : गृहशोभनाच्या व्यवहारात पार्श्वरंग साठ, दुय्यम रंग तीस व उठावरंग दहा टक्के, असे एक स्थूल प्रमाण सांगितले जाते. हा शास्त्रीय नियम नव्हे, केवळ व्यावहारिक संकेत आहे. तथापि उठावरंगाचा विस्तार वाढला की तो पार्श्वरंग होऊ लागतो, ही गोष्ट त्यातून ध्यानात येते. उठावरंग एकाच जागी आला, तर तो चुकून राहिल्यासारखा वाटण्याचा संभव असतो. दोन किंवा तीन जागी लहानमोठ्या आकारांत आल्यास त्यांच्यात संबंध निर्माण होतो. संपूर्ण भिंतीला निराळा रंग द्यावयाचा असेल, तर दारेखिडक्यांनी न तुटलेली व खोलीत शिरताच समोर येणारी भिंत निवडतात. लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग जवळ आल्यासारखे व निळसर शीत रंग दूर गेल्यासारखे भासतात. त्यामुळे लांबट व अरुंद खोलीच्या टोकाच्या भिंतीला उष्ण रंग दिल्यास ती खोली अधिक प्रमाणबद्ध वाटते. मुंबईसारख्या शहरांतील लहान खोल्यांत मात्र चारी भिंती फिक्या ठेवून उठावरंग वस्तूंपुरताच राखणे अधिक सोयीचे ठरते. भाड्याच्या घरात भिंतींचा रंग बदलण्याची मुभा बहुधा नसते. तेथेही अभ्रे, पलंगपोस व पडदे बदलून अल्प खर्चात खोलीचे रूप पालटता येते. रंगाच्या लहान नमुन्यापेक्षा तोच रंग भिंतीवर अधिक तीव्र दिसतो. त्यामुळे नमुन्यावरून निर्णय न घेता भिंतीवर हातभर रुंदीचा पट्टा रंगवून तो सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहणे इष्ट असते.

प्रकाशाचा परिणाम : रंग हा वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो. चेक शरीरक्रियावैज्ञानिक यान पुर्किन्ये (१७८७–१८६९) यांनी असे दाखवून दिले, की संधिप्रकाशात तांबडे रंग लवकर काळवंडतात, तर निळे रंग तुलनेने उजळ राहतात. त्यामुळे दिवसा खोलीला जिवंतपणा आणणारा तांबडा अभ्रा दिवेलागणीच्या सुमारास जवळजवळ काळा दिसतो. तंतुदीपाच्या पिवळसर उजेडात लाल व नारिंगी रंग खुलत, तर निळे मलूल होत. आता सर्वत्र रूढ झालेले एलईडी दिवे निरनिराळ्या वर्णतापमानांचे मिळतात : सुमारे २,७०० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, तर ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा असतो. ज्या दिव्याचा वर्णदर्शन निर्देशांक १०० च्या जवळ असतो, त्याच्या प्रकाशात रंग अधिक यथार्थ दिसतात. म्हणून दिवे ठरविल्यावाचून उठावरंग ठरविणे योग्य नव्हे.

पारंपरिक उदाहरणे : ‘उठावरंग’ ही कल्पना नवी वाटली, तरी तिच्यामागील जाण महाराष्ट्रातील व गोव्यातील घरांत जुनी आहे. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या किंवा चुन्याच्या भिंती आणि तेल पाजलेले लाकूड असे पारंपरिक घराचे रंग शांत असत. त्यावर भिंतीच्या तळाशी कावेचा किंवा गेरूचा पट्टा, अंगणात पांढरी रांगोळी, उंबऱ्यावर हळदकुंकू व सणाच्या दिवशी झेंडूचे तोरण एवढेच तीव्र रंग येत. काठपदराच्या लुगड्यातही हेच तत्त्व आढळते : अंगभर एक रंग आणि काठाला व पदराला त्याच्या विरोधी रंग. वारली चित्रांत तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर येतो. येथे पांढरा हाच उठावरंग होय. गोवा, कोकण व कर्नाटकाचा किनारी भाग येथील कावी कलेत पांढऱ्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो अणकुचीदार हत्याराने खरवडतात व आकृत्या सिद्ध करतात. गोव्यातील जुन्या घरांच्या निळ्या, पिवळ्या वा तांबड्या भिंतींवर दारेखिडक्यांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या असाच उठाव आणतात. जपानी घरातील तोकोनोमा हा कोनाडा या तत्त्वाचे आणखी संयत उदाहरण आहे : लाकूड, कागद व गवती चटया यांच्या निःशब्द रंगांत एखादे टांगलेले चित्र व एखादे फूल एवढेच लक्ष वेधून घेते.

या परंपरांतील एक विशेष लक्षणीय आहे. रांगोळी रोज पुसली जाते, तोरण सुकले की उतरविले जाते, आकाशकंदील दिवाळीनंतर उतरतो. सतत समोर असलेल्या रंगाला दृष्टी सरावते व काही दिवसांनी तो जाणवेनासा होतो. त्यामुळे उठावरंग बदलत्या वस्तूंत ठेवण्याची ही प्रथा आजच्या घरासही उपयुक्त आहे.

आधुनिक वास्तुकला : विसाव्या शतकातील वास्तुशिल्पज्ञांनी हे तत्त्व जाणीवपूर्वक हाताळले. डच वास्तुशिल्पज्ञ खेरिट रीटव्हेल्ट (१८८८–१९६४) यांनी १९२४ मध्ये उत्रेक्त येथे बांधलेल्या श्रोडर निवासात पांढऱ्या व करड्या पृष्ठांबरोबर लाल, पिवळ्या व निळ्या रंगांच्या रेषा येतात. त्यांच्या प्रसिद्ध लाल-निळ्या खुर्चीतील काळ्या दांड्यांची केवळ टोके पिवळी आहेत. एवढ्याशा रंगाने प्रत्येक दांडी कोठे संपते, हे स्पष्ट होते. ल कॉर्ब्यूझ्ये (१८८७–१९६५) यांनी १९३१ मध्ये भिंतीवरील कागदांसाठी ४३ रंगांचा संग्रह सिद्ध केला व १९५९ मध्ये त्यात २० रंगांची भर घातली. मार्से येथील त्यांच्या निवाससंकुलात (१९४७–५२) दर्शनी काँक्रीट करडे ठेवून सज्जांच्या बाजूच्या भिंतींना तेजस्वी रंग दिलेले आहेत. मेक्सिकोचे लूईस बारागान (१९०२–८८) यांनी गुलाबी वा पिवळी अशी एखादी संपूर्ण भिंत उठावासाठी वापरली. तिचा प्रभाव शेजारच्या खरबरीत पांढऱ्या गिलाव्यामुळे आणि प्रखर उन्हामुळे वाढतो.

सुरक्षिततेसाठी उपयोग : वाढत्या वयात डोळ्यातील भिंग पिवळसर होते, अंधुक प्रकाशात कमी दिसू लागते आणि निळा, जांभळा व हिरवा यांतील सूक्ष्म भेद ओळखणे कठीण जाते. एकाच रंगाच्या फरशीने मढविलेला जिना अशा व्यक्तीला सलग उतारासारखा भासू शकतो. प्रत्येक पायरीच्या कडेला विरोधी उजळपणाची पट्टी दिल्यास पायरी कोठे संपते, ते स्पष्ट दिसते. पांढऱ्या न्हाणीघरात गडद रंगाचा आधारदांडा, फिक्या भिंतीवर गडद चौकटीतील दिव्याची बटणे, चौकटीहून निराळ्या रंगाचा दरवाजा आणि उंबऱ्यावरील ठळक रेघ यांचाही असाच उपयोग होतो. येथे छटेपेक्षा उजळपणातील फरक महत्त्वाचा असतो. कारण लाल व हिरवा यांतील भेद न कळणाऱ्या रंगांध व्यक्तींनाही तो जाणवतो. निवडलेल्या दोन रंगांचे कृष्णधवल छायाचित्र घेऊन हा फरक ढोबळमानाने पारखता येतो. मात्र जमिनीवर निष्कारण गडद पट्टे वा चौकोन टाळावेत. अधू दृष्टीला ते खड्ड्यासारखे किंवा पायरीसारखे भासतात.

रंगद्रव्ये व आरोग्य : तीव्र रंगांचा इतिहास विषारी द्रव्यांशी निगडित आहे. हिंगूळ हे पाऱ्याचे, तर हरताळ हे आर्सेनिकाचे संयुग आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) यांनी शोधलेला हिरवा रंगही आर्सेनिकयुक्त होता आणि एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय घरांत अशा हिरव्या रंगांचे भित्तिकागद सर्रास लावले जात. पिवळ्या व नारिंगी तैलरंगांसाठी शिशाचे क्रोमेट दीर्घकाळ वापरले गेले. घरातील चौकटी, गज, पाळणे व खेळणी यांना हेच तेजस्वी रंग दिले जात असल्याने लहान मुलांचा त्यांच्याशी सर्वाधिक संपर्क येई. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा दुष्परिणाम होतो आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. भारतात याविषयीचे नियम २०१६ मध्ये करण्यात आले. त्यांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. तथापि जुन्या घरांच्या दारेखिडक्यांवर त्यापूर्वीचे थर अद्याप असू शकतात. असे थर कोरडे घासल्यास विषारी धूळ उडते. म्हणून ते पाण्याने ओले करूनच खरवडावेत, मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे आणि नंतर जमीन न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

उठावरंगाची निवड करताना प्रथम घरातील न बदलणारे रंग, म्हणजे फरशी, लाकूड व खिडकीतून येणारा उजेड, लक्षात घेणे आवश्यक असते. त्यानंतर कोणत्या वस्तूकडे लक्ष जावे, हे ठरवून तेथेच रंग योजावा. खोलीतील काही भाग रंगाविना राखून ठेवला, तरच योजिलेल्या रंगाला उठाव लाभतो.