मोठी फाईल पाठवायची कशी? सदरच्या दुकानातून पुण्याच्या क्लायंटपर्यंत



या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर सगळं भरभर दाखवलं. इथे तेच आकड्यांसकट, सावकाश वाचा. कारण हा विषय दिसतो कॉम्प्युटरचा, पण आहे धंद्याचा.

सदरमधला एक फोटोग्राफर आपल्या बॅचला होता. लग्नाच्या अल्बमची १२ बाय ३६ इंची शीट्स त्यानं प्रिंटरला व्हॉट्सॲपवर "फोटो" म्हणून पाठवली. मोबाईलवर झकास दिसत होती. छापून आल्यावर मात्र नवरीच्या चेहऱ्यावर चौकोनच चौकोन! अख्खा अल्बम पुन्हा छापावा लागला, तोही स्वतःच्या खिशातून. चूक ॲपची नव्हती, पाठवण्याच्या पद्धतीची होती.

गणित बघा. १२ बाय ३६ इंच चांगलं छापायचं तर इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे ३६०० बाय १०८००. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ती ३६ इंचांवर ताणली की इंचाला जेमतेम ४४ पिक्सेल उरतात. मग चौकोन दिसणारच ना भाऊ!

आधी फाईलचं वजन बघा

पाठवायच्या आधी फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. किती एमबी, किती जीबी ते बघा. रस्ता त्यावरून ठरतो.

१. १८ एमबीपर्यंत: ईमेल

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. पण अटॅचमेंट मेलमधून जाताना तिचं रूपांतर होतं आणि ती साधारण एक-तृतीयांशानं फुगते. समोरच्याच्या ऑफिसचा मेल सर्व्हर कडक असेल तर २० एमबीची फाईलही परत येऊ शकते. म्हणून १८ एमबीच्या आत राहा. कोटेशन, बिल, कॅटलॉगची पीडीएफ यांना मेलच बरा, कारण तारखेसकट पुरावा राहतो.

२. २ जीबीपर्यंत: व्हॉट्सॲप, पण "डॉक्युमेंट" म्हणून

क्लिपचं चिन्ह दाबा, "डॉक्युमेंट" निवडा आणि तिथून फाईल घ्या. अशी पाठवलेली फाईल जशीच्या तशी जाते, पिक्सेल कापले जात नाहीत. २०२२ पासून ही मर्यादा २ जीबी आहे, आधी १०० एमबी होती. टेलिग्रामवरही मोफत खात्यातून एक फाईल २ जीबीपर्यंत जाते.

पण लक्षात ठेवा, चॅट म्हणजे कपाट नाही. समोरच्यानं फोन बदलला की फाईल गेली, आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा तुम्हालाच मागणार.

३. त्याहून मोठी: ड्राईव्हची लिंक

इथे फाईल पाठवायची नसते. ती एका जागी ठेवायची आणि चावी द्यायची. गुगल ड्राईव्हवर १५ जीबी मोफत मिळतात, वनड्राईव्हवर ५ जीबी, ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. लहान धंद्याला सुरुवातीला गुगल ड्राईव्ह पुरतं. पण तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

पहिलं, परवानगी. लिंक पाठवली, पण शेअरिंग "रिस्ट्रिक्टेड" राहिलं. क्लायंट रात्री ११ वाजता उघडतो, "परवानगी मागा" असं दिसतं, आणि तुम्ही झोपलेले. लिंक पाठवण्याआधी इन्कॉग्निटो विंडोत स्वतः उघडून बघा. उघडली तरच पाठवा. मात्र "लिंक असलेल्या कोणालाही" अशी परवानगी दिली की ती लिंक पुढे कोणाकडेही जाऊ शकते. म्हणून टॅलीचा बॅकअप सीएला पाठवताना त्यांचा ईमेल आयडी टाकूनच परवानगी द्या.

दुसरं, जागा. हे नीट वाचा. ते १५ जीबी फक्त ड्राईव्हचे नाहीत. ड्राईव्ह, जीमेल आणि गुगल फोटोज तिघांचे मिळून आहेत. जागा भरली की नवीन फाईल चढत नाही, आणि जीमेलवर मेल येणं-जाणंही थांबतं. म्हणजे जुन्या क्लायंटच्या व्हिडिओनं खातं भरलं म्हणून नव्या क्लायंटची चौकशी तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि तुम्हाला वाटतं मार्केट थंड आहे! काम संपलं की फाईल डिलीट करा आणि ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधली फाईल ३० दिवस जागा अडवून ठेवते.

तिसरं, फोल्डर. २०० फोटो सुटे पाठवू नका, झिप करून एक फाईल करा. एक गैरसमज इथेच काढून टाका: जेपीजी आणि एमपी४ आधीच दाबलेल्या असतात, झिप करून त्यांचं वजन फारसं कमी होत नाही. झिपचा खरा फायदा असा की एकही फाईल मागे राहत नाही.

४. इंटरनेट हरतं तेव्हा: हार्ड डिस्क

पॅकवर लिहिलेला स्पीड मेगाबिटमध्ये असतो, फाईल मेगाबाईटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाईट, म्हणून स्पीडला ८ नं भागा. आणि डाउनलोड नाही, अपलोडचा स्पीड बघा. मोबाईल डेटावर तो बहुधा कमीच असतो.

समजा अपलोड २० एमबीपीएस आहे, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. आता बघा:

- १ जीबी: साधारण ७ मिनिटं
- १० जीबी: सव्वा तासाच्या आत
- १०० जीबी: ११ तास
- ५०० जीबी: ५५ तासांहून जास्त

आता नागपूरहून संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हल्स दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात असते. ५०० जीबीचं लग्नाचं कच्चं शूटिंग एडिटरला पाठवायचं असेल तर पार्सल इंटरनेटच्या आधी पोचतं! यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मोठ्या कंपन्यांचा डेटा वाहून न्यायला कंटेनरचा अख्खा ट्रक आणला होता.

फक्त डिस्क देण्याआधी एक प्रत स्वतःकडे ठेवा, डिस्कला पासवर्ड लावा, पार्सलची पावती घ्या. आणि पेनड्राईव्ह "फॅट३२" फॉरमॅटचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी. तो "एक्सफॅट" करून घ्या. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी रिकामा करा.

डिझाईनवाल्यांसाठी खास

फ्लेक्स किंवा लग्नपत्रिकेची कोरलड्रॉ फाईल पाठवताना मराठी अक्षरं कर्व्हमध्ये बदला. तुमच्याकडचा श्रीलिपीचा फॉन्ट प्रिंटरकडे नसेल तर तिथे भलतीच अक्षरं उमटतात. मूळ फाईल स्वतःकडे ठेवा, कर्व्ह केलेली पाठवा आणि सोबत एक पीडीएफ द्या, म्हणजे त्याला ताडून बघता येईल.

एकाच रस्त्यावर धंदा उभा करू नका

मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशानं वीट्रान्सफर भारतात बंद झालं. डिझायनर लोकांचं ते रोजचं साधन होतं. पुढच्याच महिन्यात सरकारनं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात शेअरइट आणि झेंडरही गेले. ज्यांच्याकडे दुसरा मार्ग तयार होता त्यांचं काम सुरू राहिलं. म्हणून दोन मार्ग आजच तयार ठेवा आणि दोन्ही एकदा वापरून बघा.

फाईल म्हणजे माल

आता खरी धंद्याची गोष्ट. किराणा दुकानदार पोतं देताना वजन दाखवतो, पावती देतो. तुम्ही फाईल देताना काय देता? नुसती लिंक आणि अंगठा!

आधी वॉटरमार्क टाकलेला, कमी रिझोल्यूशनचा नमुना पाठवा. मंजुरी आली, उरलेली रक्कम जमा झाली, मग मूळ फाईल. आणि तिच्यासोबत असा मेसेज:

"नमस्कार सर, अल्बमची फायनल फाईल पाठवली आहे. एकूण ४० शीट्स, आकार ३.२ जीबी. लिंक १५ दिवस चालू राहील, त्याआधी डाउनलोड करून घ्या. फाईल उघडली आणि शीट्स मोजल्या की 'मिळाली' एवढं कळवा."

यात चार गोष्टी आहेत: संख्या, आकार, मुदत आणि पोच. आकार जुळला नाही तर डाउनलोड अर्धवट झालंय हे छपाईच्या आधीच कळतं. पोच आली की उद्या "फाईल मिळालीच नाही" असं कोणी म्हणू शकत नाही. आमच्या त्या फोटोग्राफरनं हाच मेसेज फोनमध्ये सेव्ह करून ठेवलाय. पुन्हा छपाईची वेळ आली नाही.

आजचा गृहपाठ

१. आपल्या गुगल खात्यात किती जागा उरली आहे ते बघा.
२. अपलोडचा स्पीड मोजा आणि ८ नं भागून वहीत लिहा.
३. वरचा मेसेज आपल्या धंद्याप्रमाणे बदलून सेव्ह करा.

दहा मिनिटांचं काम आहे. एक ऑर्डर जरी वाचली तरी वसूल!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा.