वेगळ्या टाकीतली पिशवी

अफेरेसिसचं मशीन फारसा आवाज करत नाही. त्याच्यापेक्षा खोलीतला एसी जास्त घरघरतो. मानेत बसवलेल्या कॅथेटरमधून रक्त बाहेर येतं, मशीनमध्ये गरगर फिरतं, हव्या त्या पेशींचा पातळ थर पिशवीत उतरतो आणि बाकीचं रक्त परत अंगात जातं. हे चार-पाच तास चालतं. पलंगावरच्या माणसाला एचआयव्ही आहे आणि केमो होऊनही उलटलेला लिम्फोमा. मुंबईतल्या एका बीएमटी (अस्थिमज्जा प्रत्यारोपण) युनिटमध्ये, त्याच्या आणि डॉक्टरांच्या परवानगीनं, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो.

आधीचे काही दिवस त्याला फिलग्रास्टिमची इंजेक्शनं चालू होती. त्यानं मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात, आणि कंबर-मांड्या ठणकतात. सकाळी रक्तातल्या या मूळपेशी (सीडी३४) मोजून तंत्रज्ञ म्हणाला, ‘काउंट बराय, लावूया.’ वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख पेशी हव्यात. थोड्या वेळानं रुग्णाच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकतं, त्याचा हा परिणाम. सिस्टरनं कॅल्शियमची गोळी काढली, पण हातात दिली नाही. ‘दादा, टीएलडी कधी घेतली?’ ‘रात्री नऊला.’ मग दिली. टीएलडी ही एचआयव्हीची गोळी; तिच्यातलं डोल्युटेग्राविर पोटात कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात नीट उतरत नाही. म्हणून ते दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर.

एचआयव्हीमुळे प्रत्यारोपणात काय बदलतं हे पाहायला मी गेलो होतो. मोठं काहीतरी असेल असा माझा अंदाज होता; दिसलं ते असलं वेळापत्रक. झिडोव्हुडीन घेणाऱ्याचं औषध आधीच बदलतात, कारण ते मज्जेलाच दाबतं. रिटोनाविर असेल तर केमोच्या आणि बुरशीविरोधी औषधांचं गणित बिघडतं. हातमोजे, गाऊन, सुया टाकायचा डबा मात्र शेजारच्या खोलीत असतो तोच.

वेळापत्रकाशिवाय बदलते ती टाकी. पेशींत डीएमएसओ हे संरक्षक द्रव्य मिसळून, मिनिटाला साधारण एक अंश अशा गतीनं गार करत पिशवी द्रव नायट्रोजनपाशी नेतात. या पिशवीची टाकी वेगळी, आणि तिथे ती नायट्रोजनमध्ये बुडवत नाहीत, त्याच्या वाफेत ठेवतात. टाकीतूनही विषाणू एका पिशवीतून दुसरीत जाऊ शकतो, हे १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हेपॅटायटिस-बीच्या रुग्णांवरून दाखवलं होतं. वेगळं ठेवण्याला शास्त्रीय कारण असलेली एवढी एकच जागा मला त्या युनिटमध्ये दिसली.

एकेकाळी अशा रुग्णाला प्रत्यारोपणाच्या यादीत घेतच नसत. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: एचआयव्ही असलेल्या ४० जणांना स्वतःच्याच पेशी परत दिल्या, दोन वर्षांनी सुमारे ८२ टक्के जिवंत होते, आणि एचआयव्ही नसलेल्यांशी तुलना केली तर लक्षणीय फरक नव्हता.

पुढचे सहा दिवस ‘बीम’ केमो: कारमुस्टीन, इटोपोसाइड, सायटाराबिन, शेवटी मेल्फालान. मेल्फालान चालू असताना तो बर्फ चघळत होता. गारठ्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, फोड कमी येतात. मग ‘डे झिरो’. ३७ अंशांच्या पाण्यात पिशवी वितळवली आणि काही मिनिटांत नळीतून आत. ज्यासाठी एवढा घाट, ते पाहायला विशेष काही नसतं. वास मात्र येतो, उकडलेल्या मक्याचा. तो डीएमएसओचा, आणि रुग्णाच्या श्वासाला दुसऱ्या दिवशीही होता.

भावानं डॉक्टरांना गाठून विचारलं, ‘मॅडम, आता एचआयव्ही पण जाईल ना?’ लंडनचा अ‍ॅडम कास्तियेहो प्रत्यारोपणानंतर एचआयव्हीमुक्त झाल्याची बातमी त्यानं वाचली होती. कास्तियेहोलाही लिम्फोमाच होता, पण त्याला २०१६ मध्ये दिलेल्या पेशी परक्या दात्याच्या होत्या, आणि त्या दात्याच्या सीसीआर५ जनुकात असा दुर्मीळ बदल होता की कास्तियेहोच्या विषाणूला पेशीत शिरायचं दारच मिळेना. इथे पेशी याच्याच. त्या मज्जा पुन्हा उभी करतील. विषाणूला गोळीच दाबून ठेवणार. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. भाऊ दोन्ही वेळा ‘हो’ म्हणाला. दुसऱ्यांदा जरा हळू.

आईला फक्त गाठीचा कॅन्सर माहीत होता. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरलेल्या, आणि सिस्टर आईसमोर त्यांना ‘रात्रीची गोळी’ म्हणत. रुग्णाची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, पण सिस्टरनं ते कायद्यासाठी केलं असं मला वाटलं नाही.

न्यूट्रोफिल ५०० च्या वर जाऊन सलग तीन दिवस टिकले तेव्हा ‘काउंट आला’ म्हणून वॉर्डात पेढे वाटले गेले; त्याला स्वतःला अजून चव कळत नव्हती. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी लसींचा कागद दिला. लहानपणच्या लसी काही महिन्यांनी पुन्हा घ्यायच्या. गोवराची मात्र दोन वर्षं नाही, आणि तेव्हाही सीडी४ दोनशेच्या वर असेल तरच. त्यानं कागद घडी करून एआरटी सेंटरच्या पुस्तिकेत ठेवला आणि विचारलं, ‘या महिन्याच्या गोळ्या भावानं आणल्या तर चालेल का?’

‘सेंटरला फोन करते,’ डॉक्टर म्हणाल्या.