सत्तेला हिशेब विचारण्याची अडीच हजार वर्षं

प्राचीन अथेन्समध्ये पदाची मुदत संपली म्हणून अधिकारी मोकळा होत नसे. वर्ष भरलं की प्रत्येकाला आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. तो तपासून मंजूर होईपर्यंत त्याला देश सोडता येत नसे, मालमत्ता देवाला वाहता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. ज्याच्या हाती सार्वजनिक पैसा आलाच नव्हता, त्यालाही तसं लिहून द्यावं लागे. तपासनीस चिठ्ठ्या टाकून निवडलेले असत आणि कोणीही नागरिक उठून तक्रार करू शके.

पाश्चात्त्य राज्यपद्धतींचा इतिहास आपण सहसा ॲरिस्टॉटलच्या विभागणीनं वाचतो: राज्य एकाचं, थोड्यांचं की पुष्कळांचं? मला या इतिहासाचा कणा वेगळ्या प्रश्नात दिसतो. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याला जाब कोण विचारणार, कधी, आणि कशाच्या बळावर? सभागृहं आणि निवडणुका शाबूत असतानाही राज्यं हुकूमशहांच्या हाती गेली आहेत. ती गेली हा प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही तेव्हा.

अथेन्स आणि रोम

इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लाइस्थेनिसनं अथेन्सच्या नागरिकांची दहा गटांत नव्यानं विभागणी केली. प्रत्येक गटातून ५० जण चिठ्ठीनं निवडून ५०० जणांचं मंडळ बनू लागलं. सेनापती मात्र मतानं निवडले जात, आणि त्यांनाही सूट नव्हती. पेरिक्लिससारख्या सर्वमान्य नेत्याला इ.स.पू. ४३०मध्ये पदावरून दूर करून दंड ठोठावण्यात आला. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी या व्यवस्थेबाहेर होते, हा तिचा मोठा अन्याय. दुसरा दोष रचनेतलाच होता: खुद्द नागरिकसभेला आवरणारं कोणी नव्हतं. इ.स.पू. ४०६मध्ये आर्गिनुसाईची लढाई जिंकून आलेल्या सेनापतींना, बुडत्या सैनिकांना वाचवलं नाही म्हणून, सभेनं कायदा डावलून एकत्रितपणे दोषी ठरवलं. सहा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्यांत सॉक्रेटिस होता आणि त्यानं विरोध केला. तो व्यर्थ गेला. लोकांनी पुढे पश्चात्ताप केला, पण गेलेले जीव परत आले नाहीत.

रोमनं हा धोका सत्तेची वाटणी करून टाळायचा प्रयत्न केला. कॉन्सल हे सर्वोच्च अधिकारी दोन, मुदत एका वर्षाची, आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय रोखण्याचा अधिकार. सामान्य प्लिबियनांच्या रक्षणासाठी ट्रिब्यून हे पद निर्माण झालं. परंपरा त्याचं वर्ष इ.स.पू. ४९४ सांगते. आणीबाणीत नेमलेल्या डिक्टेटरलाही सहा महिन्यांची मर्यादा होती. हे बांध एकेक करून फुटले. इ.स.पू. ४४मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. ऑगस्टसनं सिनेट, कॉन्सल, निवडणुका सगळं राखलं; मात्र इ.स.पू. २३मध्ये ट्रिब्यूनचे अधिकार आजन्म स्वतःकडे घेतले. सत्तेला आवर घालणारं हत्यार सत्ताधीशाच्याच हाती गेलं. प्रजासत्ताकाचं नाव राहिलं, जीव गेला.

कराच्या बदल्यात संमती

मध्ययुगीन युरोपात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो युद्धखर्चामुळे. राजाच्या स्वतःच्या जमिनींच्या उत्पन्नात लढाया भागेनात. पैसा हवा तर उमराव, धर्मगुरू आणि शहरांतले व्यापारी यांना बोलावणं भाग पडलं. स्पेनमधल्या लिऑनच्या राज्यात ११८८ साली शहरांचे प्रतिनिधी राजसभेत बसले. इंग्लंडमध्ये १५ जून १२१५ रोजी रनिमीडच्या कुरणावर जॉन राजाला मॅग्ना कार्टावर मोहोर उमटवावी लागली. राज्याच्या सर्वसाधारण संमतीशिवाय विशेष कर नाही आणि कायद्याच्या निवाड्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद नाही, ही त्यातली वचनं. पोपनं काही आठवड्यांतच सनद रद्द ठरवली. पण पुढच्या राजांना पैशांची गरज पडतच राहिली आणि सनद पुन्हा पुन्हा जारी होत गेली.

पहिल्या चार्ल्सनं १६२९पासून अकरा वर्षं संसदेविना राज्य केलं. किनाऱ्यावरच्या गावांकडून आरमारासाठी घ्यायचा कर त्यानं देशाच्या आतल्या भागावरही लादला. स्कॉटलंडशी युद्ध पेटलं, खजिना आटला आणि १६४०मध्ये संसद बोलवावी लागली. त्यातून उद्भवलेल्या संघर्षाचा शेवट १६४९मध्ये राजाच्या शिरच्छेदात झाला. पण राजा गेल्यानं प्रश्न सुटला नाही; १६५३मध्ये संसदेच्याच बाजूनं लढलेल्या सेनापती क्रॉमवेलनं शिपायांकरवी संसद रिकामी केली.

टिकाऊ उत्तर १६८९च्या हक्कांच्या विधेयकानं दिलं. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडी फौजही नाही. फौजेच्या शिस्तीचा कायदा थोड्या मुदतीचाच केला जाऊ लागला. त्यामुळे संसद भरवणं राजाच्या इच्छेवर राहिलं नाही. १७४२मध्ये रॉबर्ट वॉल्पोल हा पंतप्रधान राजाची मर्जी असतानाही पायउतार झाला, कारण कॉमन्स सभागृहातलं त्याचं बहुमत गेलं होतं. रक्त न सांडता सरकार बदलण्याची ही रीत मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कमाई वाटते.

फिलाडेल्फिया आणि पॅरिस

माँतेस्क्यूनं १७४८मध्ये सत्तेची तीन अंगं वेगळी ठेवण्याचा सिद्धान्त मांडला. १७८७मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी तो अमेरिकेच्या राज्यघटनेत उतरवला. अध्यक्षाला चार वर्षांची मुदत, कायद्यावर नकाराधिकार, आणि डोक्यावर महाभियोगाची तलवार. मात्र याच घटनेनं प्रतिनिधित्व मोजताना गुलामांना तीन पंचमांश धरलं. ज्यांच्यावर सर्वाधिक जुलूम होत होता, त्यांनाच जाब विचारण्याचा अधिकार नव्हता.

फ्रान्समध्येही सुरुवात रिकाम्या खजिन्यापासून झाली. १६१४नंतर न भरलेली तिन्ही वर्गांची सभा १७८९मध्ये बोलवावी लागली. त्याच वर्षीच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पंधरावं कलम फारसं उद्धृत होत नाही, पण मला ते त्याचं हृदय वाटतं: प्रत्येक सरकारी सेवकाकडून कारभाराचा हिशेब मागण्याचा समाजाला हक्क आहे. दुर्दैवानं हा हक्क बजावणारी यंत्रणा रुजण्याआधीच १७९३–९४चं दहशतीचं पर्व आलं. पुढे नेपोलियननं सार्वमतं घेऊन सम्राटपद मिळवलं. लोकांना फक्त होकार द्यायला बोलावलं की लोकांच्या नावानं एकाधिकारशाही उभी राहते, हा धडा युरोपला तिथं मिळाला.

विचारणारे वाढले

एकोणिसाव्या शतकात झगडा होता तो जाब विचारणारा कोण याचा. इंग्लंडमध्ये १८३२पूर्वी ओल्ड सॅरम या जवळजवळ निर्मनुष्य जागेतून दोन खासदार जात आणि मँचेस्टरसारख्या उद्योगनगरीला स्वतःचा एकही नव्हता. १८३८मध्ये चार्टिस्ट कामगारांनी सहा मागण्या मांडल्या. त्यांतल्या पाच, गुप्त मतदान आणि खासदारांना वेतन यांसह, पुढे मान्य झाल्या. दरवर्षी निवडणुकीची तेवढी राहिली. स्त्रियांना मताधिकार न्यूझीलंडनं १८९३मध्ये, ब्रिटननं पुरुषांच्या बरोबरीनं १९२८मध्ये, फ्रान्सनं १९४४मध्ये आणि स्वित्झर्लंडनं संघराज्याच्या पातळीवर १९७१मध्ये दिला.

पण मतदार वाढले म्हणजे बंदोबस्त झाला असं नाही, हे जर्मनीनं दाखवलं. १९१९च्या वायमार घटनेत स्त्री-पुरुष सर्वांना मत होतं. तिच्या ४८व्या कलमानं अध्यक्षाला आणीबाणीचे वटहुकूम काढता येत, आणि १९३०नंतर देश त्यांवरच चालू लागला. २३ मार्च १९३३ रोजी संसदेनं ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरच्या सरकारला संसदेविना कायदे करण्याचा अधिकार दिला. कम्युनिस्ट सदस्यांना आधीच अटक तरी झाली होती किंवा लपावं लागलं होतं. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षानं. १९४९च्या मूलभूत कायद्यानं यातून शिकून मानवी प्रतिष्ठेचं तत्त्व घटनादुरुस्तीच्याही आवाक्याबाहेर ठेवलं आणि घटनेच्या रक्षणासाठी स्वतंत्र न्यायालयाची तरतूद केली.

आपल्याकडे आलेला प्रश्न

गोपाळ कृष्ण गोखले १९०२मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा सदस्यांना चर्चा करता येई, मत देता येत नसे. तरीही त्यांनी शिलकी अर्थसंकल्पामागचा जादा कर सरकारच्याच आकड्यांनी उघडा केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा नेमका पकडला. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, असं सांगून त्यांनी उत्तरदायित्वाची बाजू घेतली. कारण संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा निवडणुकीत मतदार घेतातच, शिवाय प्रश्न, ठराव आणि अविश्वासाचे प्रस्ताव यांतून सभागृह ती रोज घेतं.

म्हणून कोणतीही राज्यपद्धती पारखताना मतदानाच्या टक्केवारीवर थांबू नये. अर्थसंकल्पावर खरोखर चर्चा होते का, लेखापरीक्षणाचा अहवाल वेळेवर सभागृहापुढे येतो का, अल्पमतातल्या सदस्याला प्रश्न विचारू दिला जातो का, आणि सरकारविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश निर्धास्त राहतो का, हे पाहावं. यांतलं एकेक सैल होऊ लागलं की पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता बोलणं हे नागरिकाचं कामच आहे.