माप एकदाच, शेक मात्र पाच आठवडे

गेवराई तालुक्यातील उमापूर परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यांकडे निघतात. उचल आधीच घेतलेली असते. अशा घरातील बाईला ओटीपोटाच्या कर्करोगासाठी शेक घ्यायला सांगितले, की पहिला प्रश्न येतो तो सीटी स्कॅनचा. "एकदा काढला होता ना, मग परत कशाला? लुबाडणूकच ही!" लोकांचा हा संशय आम्ही चुकीचा म्हणणार नाही. खासगी दवाखान्यांनी तो त्यांच्या पदरी बांधला आहे. पण इथे मात्र तो लागू पडत नाही.

पहिला स्कॅन रोग शोधण्यासाठी असतो, दुसरा नेम धरण्यासाठी. दुसऱ्या वेळी रुग्णाला सपाट फळीवर झोपवतात, कारण शेक देणाऱ्या यंत्राची फळीही तशीच सपाट असते. कातडीवर खुणा करतात. मग पोटाचे काही मिलिमीटर जाडीचे काप संगणकावर घेऊन डॉक्टर प्रत्येक कापावर गाठ, मूत्रपिंडे, आतडी, मूत्राशय यांच्या कडा आखतात. स्कॅनमध्ये पाण्याचा आकडा 0 आणि हवेचा उणे 1000 धरलेला असतो. हाड, चरबी, मांस यांचेही असेच आकडे असतात. त्यावरून किरण कुठे किती शोषले जातील याचा हिशेब होतो. पूर्वी साध्या एक्स-रेवर हाडे पाहून चौकोन आखत. त्यात आतडी दिसतच नसत.

बीडच्या बायकांसाठी ही आतडी फार महत्त्वाची आहेत. 2019 मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींना कर्करोगाची भीती घालूनच टेबलावर घेतले होते! गर्भाशय गेले की लहान आतडे खाली त्या रिकाम्या जागेत उतरते आणि शेकाच्या वाटेत येते. म्हणूनच पाणी पिऊन मूत्राशय भरून ठेवायला सांगतात. भरलेले मूत्राशय आतड्याला वर ढकलते. स्कॅनच्या दिवशी जितके पाणी प्यायले, तितकेच रोज प्यायचे. खुणा घासून पुसायच्या नाहीत.

माप एकदाच घेतले, शेक मात्र आठवड्यातून पाच दिवस, सुमारे 25 वेळा. मधल्या काळात जेवण जात नाही, बाई वाळते, पोट आत जाते आणि पहिले माप चुकू लागते. मग पुन्हा स्कॅन करावा लागतो. मध्येच आठवडाभर खाडा झाला, तर गाठीला वाढायला सवड मिळते.

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून आहे. बार्शीलाही कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेत शेकाचा खर्च बसतो. पण पाच आठवडे परगावी राहायचे कुठे? बुडालेली मजुरी कोण देणार? जोडीतला एक कोयता थांबला तर मुकादम उचल सोडणार आहे काय? या प्रश्नांचा रकाना योजनेच्या अर्जात नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी उसाच्या टनामागे पैसे घेण्याचे ठरले आहे. त्या पैशातून शेक चालू असलेल्या मजुराला आणि सोबतच्या एका माणसाला रुग्णालयाजवळ खोली द्या, दोन वेळचे जेवण द्या आणि तेवढ्या दिवसांची उचल मुकादमाकडे भरा, अशी आमची मागणी आहे. कोयते निघण्याआधी याचा आदेश निघाला पाहिजे.