पोटमाळ्यावरचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर

लालबाग-गिरगावातल्या एखाद्या मंडळाच्या पोटमाळ्यावर जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर सापडला आणि त्यावर गिटार वाजवायची हौस आली, तर बाहेरच्या पाटीपेक्षा आतल्या काचेच्या नळ्या वाचा. पाटी कुणीही बदलतो. युरोपीय नावांत ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ‘सी’ ट्रायोड, ‘एल’ आउटपुट पेंटोड. म्हणून ईसीसी८३ हा दुहेरी ट्रायोड. अमेरिकेत तोच १२एएक्स७. ईएल८४ची जोडी साधारण १५ वॅट देते, ईएल३४ची ५०च्या आसपास. नळीवर ‘बीईएल’ असेल तर ती भारत इलेक्ट्रॉनिक्सची.

लगेच प्लग मात्र लावू नका! वर्षानुवर्षं पडून राहिलेले फिल्टर कपॅसिटर सुकलेले असतात. ते शॉर्ट झाले तर ट्रान्सफॉर्मरही जळतो, आणि तसा पुन्हा मिळणं कठीण. आधी ते बदला. मग १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून बटण दाबा. बल्ब चमकून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट उरू शकतात. ते रेझिस्टरने उतरवून, मीटरने तपासूनच हात घाला. दोन पिनची वायर काढून अर्थिंगची तीन पिनची लावा.

सभेच्या अँप्लिफायरला कर्ण्यांसाठी बहुधा १०० व्होल्ट लाइन असते. गिटारच्या स्पीकरला ८ किंवा १६ ओहमचा टॅप शोधा. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचाराल तर दुकानदारच गोंधळेल.