निवारा आणि निवेदन : ‘कोबाल्ट ब्ल्यू’विषयी

परागंदा होणे ही गोष्ट पेडणे-डिचोलीकडील वाचकास परकी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय पाडले गेले. भाविकांनी लिंग नदीपार नार्व्यास आणले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. देवासही घर सोडावे लागले, ही कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मात्र घर न सोडताच जो परागंदा होतो, त्याची कथा मराठीत क्वचितच आली आहे. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरीने ती सांगितली.

पुण्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात एक तरुण भाडेकरू राहावयास येतो. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा या दोघांचेही त्याच्यावर प्रेम जडते. अनुजा त्याच्यासमवेत निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो. पहिल्या भागात तनय त्या गेलेल्यालाच उद्देशून बोलतो. दुसरा भाग म्हणजे अनुजाची रोजनिशी. या रचनेतच कादंबरीचे मर्म आहे. अनुजाचे दुःख घर ओळखते, त्यावर रागावते, तिची चिंता वाहते. तनयचे दुःख त्याच घरात, त्याच वेळी, कोणास दिसत नाही. म्हणून जो ऐकावयास हजर नाही त्यालाच तो सारे सांगतो. सांगणे हाच त्याचा निवारा.

तरीही मनाचे पुरते समाधान होत नाही. भाडेकरूस नाव नाही, आपली बाजू मांडावयास एक पानही नाही. खरा निराश्रित तोच असावा, अशी शंका येते; पण दोघांच्या आठवणींत तो रंगासारखा मिसळून जातो, माणूस म्हणून उभा राहत नाही. लेखकाने हे हेतुपूर्वक केले असेल. परंतु ज्याच्या जाण्याने दोन आयुष्ये विस्कटतात, त्याचे मौन वाचकास जड जाते.

प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. घरातील पंगतीस मात्र असे निर्णय लागू होत नाहीत. ही कादंबरी शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी काय, असे विचारल्यास मी म्हणेन : प्रथम ती शिक्षकांनी वाचावी. वर्गातील एखाद्या तनयास बोलावेसे वाटले, तर त्याच्यासमोर रिकामी खुर्ची असू नये.