घरकुलाची फरशी फुटू नये म्हणून आधी काय करावे?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण अंतर्गत घरकुल मंजूर झालेल्या आणि स्वतः घर बांधत असलेल्या लाभार्थ्यांसाठी ही माहिती आहे. या पानावर टाइल, लादी, शहाबादी या सगळ्यांना ‘फरशी’ असेच म्हटले आहे, कारण खालचे काम सगळ्यांसाठी जवळजवळ सारखेच असते.

योजनेतून मैदानी भागात 1 लाख 20 हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. ही रक्कम हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होते. एकदा घर पूर्ण झाले की फुटलेली फरशी बदलण्याचा खर्च तुमच्याच खिशातून होतो. बांधकामाचे फोटो टप्प्याटप्प्याने घेतले जातात, पण फरशीखाली काय भरले आहे ते फोटोत दिसत नाही. तिथे लक्ष ठेवणारे तुम्हीच.

फरशी का फुटते?

फरशी फुटली की आपण दुकानदाराला दोष देतो. बहुतेक वेळा चूक फरशीत नसते, तिच्या खाली असते. भिंत पायावर उभी असते, जमीन मात्र जोत्यात टाकलेल्या भरावावर असते. भराव सैल असेल तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ओल लागून तो खाली बसतो. वरचे काँक्रीट अधांतरी राहते आणि कपाटाचा किंवा पलंगाचा पाय जिथे टेकतो तिथे फरशी तडकते. दारात तर हे सर्वांत आधी दिसते, कारण तिथे एकाच फरशीचा अर्धा भाग पायाच्या भिंतीवर आणि अर्धा भरावावर येतो. म्हणून दारात सलग फरशी टाकू नका. उंबऱ्याच्या रेषेवर सांधा येऊ द्या किंवा दगडाची वेगळी पट्टी बसवा.

जोत्यात काय भरावे?

पाया खणताना निघालेली माती तशीच जोत्यात लोटली जाते. वाहतुकीचा खर्च वाचतो, पण ती काळी माती असेल तर असे अजिबात करू नका. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. विदर्भ, मराठवाडा, माळवा, उत्तर कर्नाटक या भागांत राहणाऱ्यांना हे शेतात दरवर्षी दिसतेच. घरातही तेच होते, फक्त वर फरशी असते. ही माती परसात पसरा आणि जोत्यात मुरूम भरा. मुळ्या, पालापाचोळा, लाकडाचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, काहीही आत राहू देऊ नका. ते कुजले की तिथे पोकळी होते.

किती मुरूम लागेल? 25 चौरस मीटर जागेत 30 सेंमी भराव म्हणजे साडेसात घनमीटर, सुमारे पावणेतीन ब्रास. हा दाबून बसलेला मुरूम झाला. सैल मुरूम सव्वातीन ते साडेतीन ब्रास धरा.

सगळा मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडणे ही नेहमीची चूक. वरचा थर घट्ट होतो, खालचा सैलच राहतो. एका वेळी 15 सेंमी, म्हणजे वीतभरापेक्षा थोडा कमी थर पसरा, पाणी शिंपडा आणि धुमसाने ठोका. कोपरे आणि भिंतीलगतची जागा हमखास सुटते, तिथे जास्त ठोका. मग पुढचा थर. शेवटी पहार उभी धरून हाताने दाबून पाहा. न ठोकता ती सहज वीतभर आत गेली, तर भराव अजून तयार नाही.

हे काम अकुशल मजुरीचे आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरकुलासाठी 90 दिवसांच्या (डोंगराळ व दुर्गम भागात 95) अकुशल मजुरीची तरतूद आहे. तिचा लाभ कसा मिळेल हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

काँक्रीटचा थर

भरावावर सळई नसलेले काँक्रीट टाकतात. गवंडी त्याला ‘पीसीसी’ म्हणतो. जाडी 10 सेंमी आणि प्रमाण एक घमेले सिमेंट, चार वाळू, आठ खडी. वरच्या जागेसाठी साधारण 8 ते 9 गोण्या सिमेंट लागते. घाई असली की यातच काटछाट होते. हा थर रंध्याने सपाट आणि एका पातळीत करून घ्या; खोलगट राहिला तर फरशीखालचा मसाला कुठे जाड, कुठे पातळ पडतो. त्यानंतर किमान 7 दिवस पाणी मारा. गोणीवर ‘पीपीसी’ लिहिलेले असेल तर 10 दिवस.

पैसे कमी पडत असतील तर?

टाइलच हवी अशी योजनेत अट नाही. हात आखडता असेल तर आता नीट कोबा करा, एक पावसाळा त्यावर राहा आणि फरशी नंतर बसवा. भराव जेवढा बसायचा तेवढा तोवर बसतो आणि भेग पडलीच तर ती कोब्यात दिसते, दुरुस्त करता येते. पैसे असले तरी हाच मार्ग बरा, असे आम्हाला वाटते. नंतर फरशी बसवताना गुळगुळीत कोब्यावर छिन्नीने टाचे मारायला सांगा, नाहीतर मसाला धरत नाही.

फरशी बसवताना

सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवावी लागते. व्हिट्रिफाइडला त्याची गरज नसते. मसाला पूर्ण फरशीखाली हवा. मधे चार गोळे ठेवून फरशी दाबली की कोपरे पोकळ राहतात. दोन फरश्यांमध्ये 2 ते 3 मिमी फट ठेवा. भिंतीलाही फरशी चिकटवू नका, ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते.

या योजनेत ठेकेदार नेमता येत नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचे असते. गवंडी मात्र लागतोच. योजनेतून प्रशिक्षण घेतलेले ग्रामीण गवंडी तुमच्या भागात आहेत का, हे पंचायतीत विचारा. फरशी बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी, मजुरीचा शेवटचा हिशेब करण्याआधी, प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करा. आवाज पोकळ आला तर खडूने खूण करा आणि तेवढ्या फरश्या काढून पुन्हा बसवून घ्या.